बी, पान आणि पत्रा

सोनाराच्या दुकानात वनस्पतीने पहिले पाऊल टाकले ते वजनाच्या रूपाने. दशमान मापे रूढ होईपर्यंत सराफाच्या तराजूपाशी एका लहानशा डबीत लालभडक, डोक्यावर काळा ठिपका असलेल्या गुंजा ठेवलेल्या असत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असे कोष्टक असल्यामुळे तोळाभर सोने म्हणजे रानातल्या वेलीच्या ९६ बिया, हा हिशेब ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही तोंडपाठ असे. तोळा आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम भरतो, तेव्हा एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची झाली. पश्चिमेकडे रत्ने तोलण्याचे काम भूमध्यसागराकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांकडे होते, आणि आजचा २०० मिलिग्रॅमचा कॅरट हा त्याच बीचा वारस आहे. गुंज खाण्याच्या उपयोगाची नाही, उलट जहरी आहे. परंतु एकीच्या जागी दुसरी बेमालूम ठेवता यावी इतकी ती आकाराने व भाराने सारखी, आणि टणक कवचामुळे न झिजणारी, म्हणून व्यवहाराने तिला आपल्या दिमतीला घेतले.

मराठी मुलखातील जुन्या दागिन्यांची यादी कोणी वाचू लागला, तर ती सराफाच्या चोपडीतली नसून एखाद्या भुसार व्यापाऱ्याच्या वखारीतली आहे की काय, असा संशय त्यास यावा: जवमणी, जोंधळी पोत, तांदळी पोत, पोहेहार, बोरमाळ. उत्तरेत मोगल दरबाराच्या आश्रयाने वाढलेल्या जडावकामात आणि मीनाकारीत जी वनस्पती दिसते ती बागेतली आहे. १६२० साली जहांगीर काश्मिरात गेला असता त्याच्या पदरच्या उस्ताद मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे खुद्द बादशहानेच नमूद करून ठेवले आहे. आणि त्या काळापासून देठापानांसकट, एका बाजूने निरखलेले, सभोवती मोकळी जागा सोडून एकटेच उभे केलेले फूल हा मोगली अलंकरणाचा जणू शिक्काच होऊन बसला. आपल्याकडील सोनाराने वनस्पती पाहिली ती मात्र खळ्यावर. त्याला देठ नको होता, पान नको होते. मळून, पाखडून, राशीला लागलेला दाणा त्याला पुरेसा होता, आणि तो दाणा एकटा कधीच नसतो, हे ओळखून त्याने तो माळेत ओवला.

बोरमाळेचा एक मणी बोटांत धरून पाहण्यासारखा आहे. सोन्याचा पातळ पत्रा ठशाच्या खळग्यात दाबून अर्धे बोर काढावयाचे, तसेच दुसरे काढावयाचे, दोन्ही अर्धी काठाला काठ भिडवून झाळावयाची, आणि आत राहिलेल्या पोकळीत लाख भरावयाची, अशी ही कृती. तीत सोने इतके थोडे लागते की भरीव मण्याच्या किमतीत सगळी माळ व्हावी. यात काटकसर आहेच, परंतु तिच्याबरोबर वनस्पतीचे एक मर्मही सोनाराच्या हाती लागलेले आहे. खऱ्या बोराची सालसुद्धा अशीच आतल्या गराच्या आधाराने ताठ राहते. गर सुकला की सालीला सुरकुत्या पडतात, आणि मण्यातली लाख ठिसूळ होऊन गळून गेली की त्यालाही पोचे येतात. बोराचा रंग, त्याचा वास, त्याचे देठाकडचे खळगे यांपैकी काहीही न घेता, बोर ज्या रीतीने उभे राहते ती रीत तेवढी सोनाराने घेतली. आणि माझ्या मते दागिन्यातील वनस्पतीविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्यातील बराचसा भाग या लाखेच्या मण्यात येऊन गेला आहे.

बकुळीहाराचेही तेच. बकुळीचे फूल झाडावरून गळते तेव्हा पाकळ्यांचे सबंध चक्र एकसंध सुटून येते. त्याच्या कडेला चोवीसच्या आसपास बारीक टोके असतात आणि मध्यभागी आरपार भोक असते, त्यामुळे सुईवाचून, नुसत्या गवताच्या काडीतसुद्धा, ही फुले ओवता येतात. सोन्याच्या बकुळीहारात पाकळ्यांची संख्या मोजायला कोणी बसत नाही. कारागीर पाच-सात टोकांवर भागवून नेतो. पण फुले एकापाठोपाठ एक ओवल्याने गजऱ्याला जो गोल, दाट, थोडासा खरखरीत पोत येतो, तो हारात जसाच्या तसा उतरतो, कारण ओवण्याची पद्धत तीच राहिली आहे. कोल्हापुरी साजात तर याहून वेगळा प्रकार दिसतो. जवमण्यांच्या मधून मधून लोंबणाऱ्या ज्या पानड्या, त्यांत मासा, शंख, कासव, नाग यांच्या पंक्तीला कमळ आणि बेलपान बसले तर नवल नाही, त्यांना देवघराची सनद आहे. पण त्याच पंक्तीत कारलेही मानाने बसलेले असते. कारल्याच्या अंगावरचे उंचवटे आणि लांबट धारा नकशीच्या छिन्नीला मुबलक काम देतात, आणि कारागिराला त्या कामाची गोडी असावी, असा माझा आपला तर्क आहे.

वनस्पतीचे पान सोन्यात उतरवण्याची हौस अर्थातच फार जुनी. सर लिओनार्ड वुली यांनी १९२०च्या दशकात इराकमधील उर येथे उत्खनन केले, तेव्हा पुआबी नावाच्या राणीच्या शिरोभूषणात पातळ पत्र्यातून कापलेली सोन्याची पाने लाजवर्द आणि तांबडा अकीक यांच्या मण्यांसमवेत सापडली. हा ऐवज सुमारे साडेचार हजार वर्षांचा. ग्रीसमधील व्हर्जिना येथे १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांनी उघडलेल्या राजघराण्यातील थडग्यात ओक वृक्षाच्या पानाफळांचा सोन्याचा मुकुट निघाला, त्यात तीनशेहून अधिक पाने आहेत. ही पाने इतकी तलम की धारण करणाऱ्याच्या श्वासानेही हलावीत; आणि नेमक्या याच कारणाने ती रोजच्या वापराची नव्हेत. जिवंत माणसाने सकाळी घालून संध्याकाळी काढावयाचा दागिना आणि मृताच्या मस्तकी कायमचा ठेवावयाचा दागिना यांचे कायदे निराळे आहेत, हे पुढे आजच्या दागिन्यांकडे येताना ध्यानात ठेवावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात या हौसेला शास्त्राचे रूप देण्याचा प्रयत्न झाला. ओवेन जोन्स याने १८५६ साली लंडनमध्ये जगभरच्या अलंकरणाच्या नमुन्यांचा जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे शेवटचे प्रकरण निसर्गातील पानाफुलांचे आहे, आणि त्याचा आग्रह असा की फूल जसेच्या तसे उचलून वस्तूवर चिकटवू नये. त्याच्या वाढीचा जो नियम असेल तो ओळखावा आणि त्या नियमावर आपली आकृती बांधावी. या विचारात तयार झालेली माणसे पुढे मुंबईलाही आली. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत १८६५ पासून जॉन लॉकवुड किपलिंग शिकवीत होते, आणि त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी पानाफुलांवर फिरले आहेत. लोकलच्या गर्दीतून वाट काढताना मान वर करून ते स्तंभशीर्ष पाहण्याची सवड फारच थोड्यांना मिळते, ही गोष्ट वेगळी.

दागिन्यांच्या प्रांतात हा वाद खऱ्या अर्थाने निकालात काढला तो रने लालिक या फ्रेंच कारागिराने. १८६० ते १९४५ हा त्याचा जीवनकाळ. १९००च्या पॅरिस प्रदर्शनाने त्याचे नाव जगभर केले. हिऱ्यामाणकांच्या किमतीवर दागिन्याची योग्यता ठरवण्याचा त्या काळचा दस्तूर बाजूला सारून त्याने शिंग, काच आणि मीना यांसारखे कमी मोलाचे जिन्नस हाताशी घेतले, आणि गुलाब-कमळासारख्या मानकरी फुलांऐवजी हेझलच्या फांद्या, काटेरी रानझुडपे, कुरणातले तण यांच्याकडे मोर्चा वळवला. त्याने केसांत खोवण्याची एक शिंगाची फणी घडवली, ती कोथिंबिरीच्या कुळातील एका रानटी वनस्पतीच्या फुलोऱ्याची आहे. आपल्याकडे वाफ्यातली कोथिंबीर खुडावयाची राहून जून झाली म्हणजे तिला जो छत्रीसारखा, एका बिंदूतून अनेक काड्या फुटलेला पांढरा फुलोरा येतो, तो ज्याने पाहिला आहे त्यास या फणीतला विचार लगेच कळेल: फणीचे दाते आणि फुलोऱ्याच्या काड्या यांची रचना मुळात एकच आहे, आणि लालिकने ती जुळणी पाहिली. शिंग तापवले की मऊ पडते आणि साच्यात दाबता येते; शिवाय ते स्वतःच थरावर थर चढून वाढलेले द्रव्य असल्यामुळे प्रकाश त्यातून पानासारखा झिरपतो. त्याचा पाठ नसलेला मीना हाही याच जातीचा. सोन्याच्या तारांच्या चौकटी तांब्याच्या पातळ पापुद्र्यावर बसवून त्यात मीना भाजावयाचा आणि मग आम्लाने तो पापुद्रा विरघळवून टाकावयाचा, म्हणजे रंग शिरांच्या जाळ्यात अधांतरी राहतो. लिस्बन येथील गुलबेंकियन संग्रहालयात त्याच्या दागिन्यांचा मोठा संग्रह आहे. कालूस्त गुलबेंकियन या तेलसम्राटाने तो बहुतांशी प्रत्यक्ष कारागिराकडूनच खरेदी केला होता.

आता आजच्या कारागिराकडे वळू. पुण्यामुंबईपासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जे लोक स्वतःच्या हाताने पानाफुलांचे दागिने घडवून विकतात, त्यांच्यातील फार मोठा वर्ग एका मोहाला बळी पडलेला दिसतो, आणि तो मोह म्हणजे खऱ्या वनस्पतीचाच साचा करण्याचा. त्यात मेहनत कमी आणि फळ चमत्कारिक, म्हणून तो स्वाभाविकही आहे. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात पायांखाली जी लहान, खवल्याखवल्यांची फळे पडलेली असतात, त्यातले एक उचलावे, वाळवावे, त्याला मेणाची एक दांडी जोडावी, जिप्सम आणि गारेची भुकटी यांच्या पातळ राड्यात ते बुडवून राडा घट्ट होऊ द्यावा आणि मग भट्टीत तो ठोकळा सुमारे ७०० अंशांपर्यंत हळूहळू तापवीत न्यावा. मेण वाहून व जळून जाते, फळही जळून जाते, आणि मागे राहते ती त्याच्या आकाराची पोकळी. तीत वितळलेली चांदी ओतली म्हणजे खवल्यावरची रेघ न् रेघ चांदीत हजर होते.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप चढवून, मेण वितळवून काढून धातू ओतण्याचा विधी तपशिलाने दिला आहे, आणि मेण तोलून त्याच्या बारापट रुपे किंवा सोळापट सोने घ्यावे, असा हिशेबही सांगितला आहे. आजचा कारागीर आधी मेण तोलतो आणि मगच चांदी मुशीत टाकतो, तो याच हिशेबाच्या आधाराने. आकडे तेवढे त्याने मिश्रधातूच्या घनतेप्रमाणे दुरुस्त करून घेतले आहेत.

परंतु सोमेश्वराच्या मूर्तिकाराचे मेण निखळ जळून जात असे. वनस्पती तशी जात नाही. तिची राख उरते. सुरूचे फळ, वाळकी फांदी, निलगिरीचे बोंड यांची राख थोडी असते आणि ठोकळा उलटा करून फुंकर मारली की निघूनही जाते. पण गवताच्या कुळातील कोणत्याही वनस्पतीची, म्हणजे भाताच्या तुसाची, गव्हाच्या ओंबीची, जोंधळ्याच्या कणसाची राख बहुतांशी गारेचीच असते, आणि ती भट्टीत कितीही वेळ ठेवली तरी जळावयाची नाही. ती पोकळीच्या कोपऱ्यांत दडून बसते आणि ओतीव दागिन्यावर खड्डे पाडते. बरे, भट्टी अधिक तापवावी, तर साडेसातशे अंशांच्या पुढे जिप्सम स्वतःच फुटू लागते आणि त्यातून सुटणारा गंधकाचा वायू चांदीला काळे करून टाकतो. म्हणजे ज्या जव-जोंधळ्यांना आपल्या जुन्या सोनाराने ठशावर निव्वळ मणी करून जिंकले, तेच दाणे थेट ओतकामाला मात्र सहसा वश होत नाहीत.

दुसरी अडचण वजनाची. झाडाचे पान एक-तृतीयांश मिलिमीटरही जाड नसते. इतक्या अरुंद फटीतून धातू वाहत जाण्यापूर्वीच गोठतो, म्हणून पानाच्या पाठीवर मेणाचा थर देऊन ते दुप्पट-तिप्पट जाड करावे लागते. आता तळहाताएवढे पिंपळपान घेऊन पाऊण मिलिमीटर जाडीने चांदीत ओतले, तर ते चाळीस ग्रॅमच्या पुढे जाईल. आणि कानाच्या पाळीला दहा ग्रॅमसुद्धा दिवसभर वागवणे जड जाते. यावर तोड म्हणून काही जण पानाला विद्युत्वाहक रंग फासून ते मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात लटकवतात आणि मंद विद्युत्प्रवाहाने त्याच्यावर तांब्याचे कवच चढवतात. पुढे सोन्याचा मुलामा दिला की ‘सोन्यात बुडवलेले खरे पान’ म्हणून ते विकले जाते. जाळी पडलेले पिंपळपान या रीतीने फार सुरेख दिसते, हे नाकारता येत नाही. तथापि त्यात कारागिराने काय केले, असे विचारले तर द्रावणाची निगा राखली, याखेरीज फारसे सांगता येत नाही. उत्तम जतन केलेला नमुना वनस्पतिशास्त्राच्या संग्रहातही असतो. त्याला आपण दागिना म्हणत नाही.

मग पान करावे कसे? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर कॅनडावासी सुवर्णकार चार्ल्स लूटन-ब्रेन यांनी १९८०च्या दशकात रूपास आणलेल्या घडीकामात सापडते. कृती इतकी साधी की पाहणाऱ्याला ती इतकी अलीकडची वाटू नये. तांब्याचा किंवा चांदीचा एक पातळ पत्रा लांबीत मधोमध दुमडून घडी हातोडीने बसवतात. दुमडलेल्या पत्र्यातून अर्ध्या पानाची बाह्यरेषा कातरतात, घडी असेल ती बाजू तशीच ठेवून. मग निमुळत्या तोंडाच्या हातोडीने मोकळ्या काठाकाठाने तिरपे, एकाशेजारी एक घाव घालत जातात. काठ पातळ होतो, आणि पातळ झालेला धातू लांबतो. घडीची बाजू मात्र होती तेवढीच राहते. परिणामी सबंध तुकडा आपोआप कोयरीसारखा बाक घेऊ लागतो. घाव खाऊन धातू कडक झाला की ठोकणे थांबवून, खोलीतला दिवा मंद करून, तो अंधुक लालीवर येईपर्यंत तापवतात, पाण्यात विझवतात, आणि बोथट सुरीचे पाते दोन पदरांच्या मध्ये घालून घडी हलकेच उघडतात. उघडलेल्या पत्र्यात घडीची कड मध्यशिरेसारखी उंच उठून उभी असते, घावांच्या रेघा उपशिरांसारख्या दोन्ही अंगांना पसरलेल्या असतात, आणि काठाला लाट आलेली असते.

येथे शिरा कोणी कोरल्या नाहीत आणि लाटही कोणी मुद्दाम वळवली नाही. कोबीच्या किंवा सॅलडच्या पानाचा काठ दुमडलेला का असतो, तर मध्यापेक्षा काठाची वाढ अधिक झालेली असते आणि त्या जादा लांबीला सपाट राहून सामावण्यास जागाच उरत नाही. हातोडीने पत्र्याच्या काठाला नेमके तेच करावयास लावले. मध्यशीर उठावाची असते म्हणून खरे पान वाऱ्यात ताठ राहते, आणि त्याच न्यायाने तीन-चार दशांश मिलिमीटरचा पत्रा घडीच्या बळावर इतका कणखर होतो की जाड ओतीव पानाच्या निम्म्याहून कमी वजनात तो कानात दिवसभर झुलतो. ओवेन जोन्सला वाढीचा नियम कागदावर हवा होता; येथे तो ऐरणीवर मिळाला.

फुलाचे काम याहून बिकट. पाकळ्या एकेक झाळावयाच्या म्हटले, तर दुसरी झाळताना पहिलीचा डाख वितळतो. म्हणून कारागीर निरनिराळ्या अंशांवर वितळणारे डाख बाळगतो आणि सर्वांत उशिरा वितळणारा सर्वांत आधी वापरतो. पण असे टप्पे तीन-चारच मिळतात, आणि शेवंतीला तर पाकळ्या अगणित. तेव्हा शहाणा माणूस एका पत्र्यातून पाकळ्यांचे सबंध चक्र कातरतो, अशी लहानमोठी चक्रे एकावर एक ठेवतो, आणि मधल्या भोकातून तार ओवून ती मागे रिव्हेटासारखी ठोकून बसवतो. बकुळीच्या भोकाची युक्ती येथे पुन्हा उपयोगी पडली. त्या तारेच्या पुढच्या टोकाला नुसती ज्योत दाखवली की वितळलेली चांदी स्वतःच्या ओढीने गोळा होऊन तिचा वाटोळा दाणा बनतो. हाच पुंकेसर. याहून निराळ्या वाटेने जाणारे श्रेष्ठ कलावंतही आहेत. पॅरिसमध्ये १९७८ पासून काम करणारे, जार या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेले जोएल आर्थर रोझेन्थाल बारीक रत्ने काळवंडवलेल्या धातूत एकमेकांना खेटून बसवतात आणि त्यांच्या रंगछटांतूनच पाकळीचा उतार दाखवतात. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. ती गोष्ट मात्र चित्रकाराच्या जातीची आहे, आणि तिच्या किमतीचा विचार आपण न केलेला बरा.

रंगाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर धातूंत हिरवा नाही. तांब्यावर क्षारांनी हिरवा कळंक आणता येतो, पण तो घामाने सुटतो आणि कातडीवर उतरतो, म्हणून त्यावर रोगण द्यावे लागते. चांदीला गंधकाच्या द्रावणाने काळी करून उंचवटे घासून उजळ करणे ही सर्वांत भरवशाची रीत. शिरा आपसूक उठून दिसतात. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जे ढिगाने मिळते त्यात पुष्कळदा चांदीचा अंशही नसतो.

या सगळ्या कामाची आपल्याकडे भरभराट का झाली नव्हती, याचे कारण कलेत शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे. आपल्या समाजात सोन्याचा दागिना ही बाईमाणसाची शिल्लक असते. अडीनडीला तो गहाण पडतो किंवा मोडीत जातो, आणि मोडीत सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. ज्या मुलखात घडणावळ ही बुडीत रक्कम मानली जाते, तेथे पानावर आठ दिवस हातोडी चालवावयास कोण सांगेल? ठशातून भराभर निघणारा बोरमणी हे त्या अर्थव्यवहाराला साजेसेच उत्तर होते. त्यातच १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा अंमल सुरू होऊन १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली, तेव्हा कित्येक सोनारांच्या बागेसऱ्या थंडावल्या आणि मुले दुसऱ्या धंद्यांना लागली. १९६८च्या कायद्याने हे नियंत्रण पक्के केले आणि १९९० मध्ये ते उठले, पण तोपर्यंत एक पिढी हातची गेली होती. यातील विपर्यास असा की पातळ, धारदार पानांच्या कामाला १४ कॅरटचे कठीण सोनेच अधिक सोयीचे. बावीस कॅरटचे पान मऊपणामुळे वापरात दुमडते. परंतु गिऱ्हाइकाच्या लेखी तो कस म्हणजे फसवणूकच होती, आणि तिच्या दृष्टीने ती चुकत नव्हती.

आज चित्र पालटले आहे ते चांदीमुळे, आणि स्वतः मिळवत्या झालेल्या गिऱ्हाइकामुळे. चांदीचे कानातले ती शिल्लक म्हणून घेत नाही, त्यामुळे तोळ्याचा भाव विचारण्याआधी ती कोणी घडवले, कसे घडवले, हे विचारते. कोल्हापूरच्या गुजरीत आणि पुण्यामुंबईच्या सराफकट्ट्यांवर बाकावर बसलेला कारागीर पुष्कळदा बंगालमधून आलेला असतो, हुपरीत घरोघर चांदीच्या पैंजणांची जोडणी चालते, आणि कलाशाळेतून बाहेर पडलेली मुलगी आपला नमुना घेऊन या दोघांच्याही दारी जाते. नवा दागिना बहुधा अशा दोन-तीन हातांतून तयार होतो. ‘हाताने घडवलेला’ ही पाटी वाचून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे जो एकच हात उभा राहतो, तो म्हणूनच थोडा काल्पनिक असतो. शिवाय ओतीव पानाचा एकदा रबरी साचा केला की त्यातून मेणाची शेकडो पाने काढता येतात, आणि तीही पुढे हातानेच घासली, झाळली व उजळली जातात. त्या दागिन्याला हातकाम म्हणावे की नाही, यावर कारागिरांतच एकमत नाही. माझा कौल असा की म्हणावे, पण किंमत त्या मानाने मागावी.

घेणाऱ्याने खातरजमा करावयाची तर दागिना उलटा करावा. पुढची बाजू सर्वांचीच चांगली असते. मेण चढवून ओतलेल्या पानाची पाठ गुळगुळीत आणि मुकी असते, शिरा फक्त पुढे. यंत्राच्या ठशातून निघालेल्या पानाची पाठ पुढच्या बाजूचे तंतोतंत उलटे प्रतिबिंब असते आणि जोडीतील दोन्ही पाने एकमेकांशी रेघेरेघेने जुळतात. घडी उघडून केलेल्या पानाच्या पाठीवर मध्यशिरेच्या जागी एक खोल चीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातोडीचे घाव किंचित वेगवेगळ्या अंतरांवर पडलेले असतात. फिरकी किंवा आकडा पानाच्या वजनाच्या मध्यावर झाळला आहे की सोयीसाठी टोकाला, हे पाहावे, कारण टोकाला झाळलेले पान कानात कलते. मग काठावरून बोट फिरवावे. पानाचे टोक आत वळवून काठ कानसेने बोथट केला असेल तर ठीक; नसेल तर पैठणीचा पदर पहिल्याच समारंभात त्यात अडकतो, आणि धागा ओढला जातो तो नेमका जरीचा.